नवा रिसीव्हर की वेगळे अ‍ॅम्प्लिफायर? आधी मोजणी, मग खरेदी

होम थिएटरला पाच-सात वर्षं झाली की हा प्रश्न हमखास डोकं वर काढतो. सिनेमातला मोठा प्रसंग आला की आवाज कर्कश वाटायला लागतो, किंवा नव्या टीव्हीच्या सोयी जुन्या रिसीव्हरला झेपत नाहीत. मग मनात घोळायला लागतं: सरळ वरच्या श्रेणीचा नवा रिसीव्हर घ्यावा, की पॉवर अ‍ॅम्प्लिफायरचे वेगळे डबे जमवावेत? दोन्ही बाजूंना ठाम मतांची माणसं भेटतात. मी दोन्ही वाटांनी जाऊन आलोय, आणि आता कुणी सल्ला मागितला तर आधी एकच विचारतो: सध्या नेमकं काय कमी पडतंय?

हे विचारण्यामागे कारण आहे. रिसीव्हर म्हणजे एका पेटीत बसवलेली दोन यंत्रं. पहिलं यंत्र म्हणजे संगणकच: एचडीएमआयचे सिग्नल घेणं, डॉल्बी आणि डीटीएस उलगडणं, बास सबवूफरकडे वळवणं, खोलीच्या दोषांनुसार आवाजाची दुरुस्ती करणं. दुसरं यंत्र निव्वळ ताकदीचं: ट्रान्सफॉर्मर, कपॅसिटर, आउटपुट ट्रान्झिस्टर आणि उष्णता बाहेर टाकणारा हीटसिंक. पहिलं यंत्र झपाट्याने जुनं होतं. डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी न उलगडता रिसीव्हरपर्यंत नेणारं एचडीएमआय १.३ आलं २००६ मध्ये, टीव्हीचा आवाज त्याच केबलमधून परत आणणारं १.४ आलं २००९ मध्ये. अ‍ॅटमॉस (डोक्यावरूनही आवाज देणारा डॉल्बीचा प्रकार) चित्रपटगृहांत २०१२ ला आणि घरांत २०१४ ला पोचलं. त्याच धर्तीचं डीटीएस:एक्स २०१५ चं. ई-आर्क (टीव्हीचा आवाज पूर्ण दर्जाने परत आणणारी सोय) आणि ४के १२० हर्ट्झ देणारं एचडीएमआय २.१ जाहीर झालं २०१७ मध्ये. या सगळ्या काळात पॉवर अ‍ॅम्पचं काम तसूभरही बदललं नाही. त्याच्याकडे एक-दोन व्होल्ट येतात, तो स्पीकरला वीस-चाळीस व्होल्ट देतो. २००६ मध्ये चांगला असलेला अ‍ॅम्प धडधाकट असेल तर आजही तेवढाच चांगला आहे.

म्हणून निर्णयाची सुरुवात कॅटलॉगपासून न करता दुखणं ओळखण्यापासून करा.

पायरी १: दुखणं कुठल्या अर्ध्यात आहे?

एक कागद घ्या आणि तक्रारी लिहून काढा, अगदी शब्दशः. "गेमिंग कन्सोल ४के १२० ला जात नाही", "ई-आर्क नाही म्हणून टीव्हीवरच्या अ‍ॅपचा आवाज पूर्ण दर्जाने येत नाही", "छतातले स्पीकर लावायचेत पण चॅनेल पुरत नाहीत", "खोलीची दुरुस्ती अगदीच जुजबी आहे". या सगळ्या संगणकाच्या अर्ध्यातल्या तक्रारी. जगातला सर्वांत मोठा पॉवर अ‍ॅम्प आणून जोडलात तरी यातली एकही सुटणार नाही. त्यासाठी नवा रिसीव्हर किंवा नवा प्रोसेसरच हवा.

"आवाज चढवला की मोठ्या प्रसंगांत टोचायला लागतो", "रिसीव्हर मध्येच स्वतःला बंद करून घेतो", "झाकणावर हात ठेववत नाही", "स्पीकर ४ ओहमचे आहेत आणि खोली मोठी आहे". या तक्रारी ताकदीच्या अर्ध्याकडे बोट दाखवतात. इथे वेगळ्या अ‍ॅम्पचा विचार करायला जागा आहे. रिसीव्हर बंद पडत असेल तर मात्र आधी स्पीकरची वायर मागच्या बाजूला कुठे एकमेकींना चिकटलीय का ते पाहा. तांब्याचा एक सुटा तंतूही त्याला पुरतो.

तिसऱ्या प्रकारच्या तक्रारी सर्वांत जास्त भेटतात आणि त्यांचा दोन्ही अर्ध्यांशी संबंध नसतो. "संवाद नीट कळत नाहीत" ही त्यातली पहिली. मी स्वतः याच कारणासाठी एक वजनदार तीन-चॅनेल अ‍ॅम्प घेतला होता. जोडला, बसलो, आणि संवाद पहिल्यासारखेच दबके. मधला स्पीकर टीव्हीखालच्या कप्प्यात एक हात आत सरकवलेला होता आणि त्याचं तोंड माझ्या गुडघ्यांकडे होतं. तो कप्प्याच्या कडेपर्यंत पुढे ओढला, पुढच्या बाजूला खाली रबराची पाचर लावून तोंड कानांच्या दिशेने वर केलं, आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदा कुजबुज समजली. अ‍ॅम्पचा त्यात काडीचाही वाटा नव्हता. बास घुमणं, एका खुर्चीवर बास जास्त आणि शेजारच्या खुर्चीवर गायब होणं, हीसुद्धा खोलीची आणि सबवूफरच्या जागेची दुखणी आहेत. तुमच्या कागदावर फक्त अशाच तक्रारी असतील तर अजून काहीही विकत घेऊ नका. आधी स्पीकर हलवा, सबवूफर दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन ऐका, जाड गालिचा अंथरा.

पायरी २: तुम्हाला खरंच किती वॅट लागतात

ताकद कमी पडतेय असं वाटत असेल तर ते मोजता येतं. अंदाजावर राहायची गरज नाही, आणि या एका पायरीवर अख्खी संध्याकाळ घालवली तरी ती वाया जाणार नाही.

आधी कागदावरचं गणित. स्पीकरच्या माहितीपत्रकात सेन्सिटिव्हिटी दिलेली असते, उदाहरणार्थ ८८ डेसिबल. अर्थ असा की २.८३ व्होल्ट दिले असता (८ ओहमच्या स्पीकरला हे १ वॅट होतात) एक मीटरवर ८८ डेसिबल आवाज येतो. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत ६ डेसिबल घटतात. तीन मीटरवर बसत असाल तर घट साधारण ९.५. म्हणजे तुमच्या खुर्चीवर १ वॅटला ७८.५ डेसिबल. बंद खोलीत भिंती आवाज परत फेकतात, त्यामुळे प्रत्यक्षातली घट याहून कमी असते. तेव्हा हे गणित थोडं सावध बाजूला झुकलेलं आहे, आणि तसंच असलेलं बरं.

आता मागणीची बाजू. रिसीव्हरची मायक्रोफोनने जुळवणी केली असेल तर पडद्यावरचा ० डेसिबल हा आकडा चित्रपटगृहाच्या प्रमाण पातळीचा असतो. त्या पातळीवर प्रत्येक मुख्य स्पीकरकडून खुर्चीवर १०५ डेसिबलपर्यंतची शिखरं अपेक्षित असतात, आणि सबवूफरच्या खास चॅनेलकडून ११५. घरात इतक्या मोठ्याने फार थोडे लोक ऐकतात. उणे २० ते उणे १० या पट्ट्यात बहुतेकांचं समाधान होतं.

ताकद दुप्पट केली की ३ डेसिबल वाढतात, दहापट केली की १०. वरच्या ८८ डेसिबलच्या स्पीकरला उणे २० वर शिखरासाठी ८५ डेसिबल हवेत, म्हणजे ६.५ डेसिबल जास्त, म्हणजे साडेचार वॅट. हो, साडेचार. उणे १० वर ४५ वॅट. आणि ० वर साधारण ४५० वॅट. हेच गणित ९४ डेसिबलच्या स्पीकरला लावलं तर उणे १० ला ११ वॅट आणि ० ला ११० च्या आसपास. ८४ डेसिबलचा छोटा, जड स्पीकर घेतला तर उणे १० लाच ११० वॅट लागतात, आणि ० चा विचार सोडून दिलेला बरा. त्या पातळीला पोचण्याआधी स्पीकरचं कॉइलच तापून हार मानेल.

या आकड्यांकडे थोडा वेळ नुसतं बघत बसा. स्पीकरच्या सहा डेसिबलच्या फरकाने अ‍ॅम्पची गरज चौपट होते. त्यामुळे ज्याला मोठ्या खोलीत मोठ्याने ऐकायचंय त्याने अ‍ॅम्पच्या आधी स्पीकरचा विचार करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक सावधगिरी: ४ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट दिले की तो १ नाही, २ वॅट खातो. त्याची ८८ ची सेन्सिटिव्हिटी १ वॅटच्या हिशेबात ८५ धरा. तेवढ्याच आवाजासाठी तो अ‍ॅम्पकडून ८ ओहमवाल्याच्या दुप्पट करंट ओढतो. रिसीव्हरला घाम फुटतो तो बहुतेक वेळा इथेच.

आता कागद बाजूला ठेवून प्रत्यक्ष मोजा. साधा मल्टिमीटर लागेल, आणि २५० हर्ट्झचा एकसुरी टोन उणे २० डेसिबल पातळीवर असलेली फाइल. अशी फाइल ध्वनी संपादनाच्या कुठल्याही मोफत सॉफ्टवेअरमध्ये दोन मिनिटांत बनते. टोन सबवूफरच्या हद्दीच्या वर आणि स्वस्त मल्टिमीटरच्या आवाक्यात राहावा म्हणून २५० हर्ट्झ घेतला. बनवताना टोनची शिखरं बरोबर पूर्ण पातळीच्या २० डेसिबल खाली ठेवा. रिसीव्हर बंद असताना मीटर एसी व्होल्टवर लावून प्रोब डाव्या स्पीकरच्या लाल-काळ्या टर्मिनलवर पक्के बसवा. दोन्ही टोकं एकमेकांना लागता कामा नयेत. मग रिसीव्हर चालू करून खोलीची दुरुस्ती आणि रात्रीचा आवाज दाबणारे मोड बंद करा, तुम्ही कधीही वापरलेली सर्वांत मोठी व्हॉल्यूम लावा आणि टोन वाजवा.

समजा मीटरने २ व्होल्ट दाखवले. टोन पूर्ण पातळीपेक्षा २० डेसिबल खाली होता, म्हणजे शिखराला दहापट व्होल्ट लागतील: २०. वॅट काढायचं सूत्र व्होल्टचा वर्ग भागिले ओहम. ४०० भागिले ८, म्हणजे ५० वॅट. स्पीकर ४ ओहमचा असेल तर १००. तुमचा रिसीव्हर दोन चॅनेलना प्रामाणिकपणे १०० वॅट देणारा असेल आणि उत्तर ५० आलं, तर त्याला दम लागत नाहीये. उत्तर १५० आलं तर शिखरं कापली जातायत आणि कर्कशपणाचं कारण सापडलं. खोलीची दुरुस्ती एखाद्या पट्ट्यात काही डेसिबल वाढवत असते, म्हणून उत्तराच्या दुप्पट ताकद हाताशी असावी असा नियम मी पाळतो.

आणि फुकटातली युक्ती शेवटी. रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये स्पीकर "लार्ज" ठेवले असतील तर ते "स्मॉल" करा आणि क्रॉसओव्हर (ज्याखालचा बास सबवूफरकडे वळतो ती सीमा) ८० हर्ट्झला लावा. त्याखालचं सगळं काम स्वतःचा अ‍ॅम्प असलेल्या सबवूफरकडे जातं. सिनेमात सर्वांत जास्त ताकद खाणारा भाग तोच असतो. कितीतरी घरांत ताकदीचा प्रश्न इथेच संपतो.

पायरी ३: माहितीपत्रकातले वॅट वाचायला शिका

खोक्यावर २०० वॅट लिहिलेला आणि १०० वॅट लिहिलेला, असे दोन रिसीव्हर आतून सारखेच असू शकतात. पहिल्याच्या तळटीपेत असतं: एक चॅनेल, ६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १०% विकृती. दुसऱ्याच्या: दोन चॅनेल, ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ०.०८% विकृती. तुलना फक्त दुसऱ्या प्रकारच्या आकड्यांची करा. वॅट फुगवण्याची खोड जुनी आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला ते कसे जाहीर करायचे यासाठी १९७४ मध्ये नियम करावा लागला आणि २०२४ मध्ये त्यात सुधारणा करावी लागली.

दोन चॅनेलच्या आकड्यातही मेख आहे. सात किंवा नऊ चॅनेलना मिळून वीजपुरवठा एकच असतो. सगळे चॅनेल एकदम पूर्ण ताकदीने चालवले तर प्रत्येकाच्या वाट्याला येणारे वॅट बरेच कमी भरतात. वेगळ्या अ‍ॅम्पचे समर्थक हा मुद्दा फार ताणतात असं मला वाटतं. खऱ्या चित्रपटात सगळे चॅनेल एकाच क्षणी शिखरावर जात नाहीत. संवाद जवळजवळ सगळे मधल्या स्पीकरमधून, मोठे आवाज पुढच्या तिघांतून, आणि मागचे-वरचे बहुतेक वेळ अगदी थोड्या वॅटवर. पण पुढचे तीनही स्पीकर ४ ओहमचे असतील तर हाच मुद्दा खरा ठरतो.

रिसीव्हरमध्ये ४ किंवा ६ ओहमचा स्विच दिसला तर तो बदलून ताकद वाढत नाही. अनेक मॉडेलमध्ये तो आतला व्होल्टेज कमी करतो, म्हणजे उष्णता घटते आणि वॅटही घटतात.

१०० वॅटवरून १२० वर जाण्यातला फरक ०.८ डेसिबल. तेवढ्यासाठी वरचं मॉडेल घेऊ नका. घ्यायचंच असेल तर वरच्या मॉडेलमधल्या चांगल्या खोली-दुरुस्तीसाठी किंवा प्रीआउटसाठी (बाहेरच्या अ‍ॅम्पला सिग्नल देणाऱ्या मागच्या जोडण्या) घ्या.

पायरी ४: वाटा चार आहेत, दोन नव्हेत

पहिली वाट नुसत्या नव्या रिसीव्हरची. मोजणीत वॅट पुरेसे निघाले आणि तक्रारी संगणकाच्या अर्ध्यातल्या असतील तर इथेच थांबा. एक पेटी, एक रिमोट, कमी वायरी. क्लिपिंगच्या (शिखरं कापली जाण्याच्या) खाली चालणाऱ्या दोन सुस्थितीतल्या अ‍ॅम्पमध्ये, आवाजाची पातळी अचूक सारखी ठेवली तर, कानाला फरक सापडणं फार अवघड असतं. रिसीव्हरमधला अ‍ॅम्प म्हणजे दुय्यम असं मानायचं कारण नाही. माझी अट एकच: नव्या रिसीव्हरला निदान पुढच्या तीन चॅनेलचे प्रीआउट असलेच पाहिजेत. खालच्या श्रेणीत बहुतेक वेळा फक्त सबवूफरचा प्रीआउट असतो, म्हणून मागच्या पॅनेलचा फोटो मोठा करून तपासा. प्रीआउट असले की चौथ्या वर्षी स्पीकर बदलले तरी दार उघडं राहतं.

दुसरी वाट मला सर्वांत शहाणपणाची वाटते: रिसीव्हर, आणि त्याच्या प्रीआउटवर पुढच्या तिघांसाठी तीन-चॅनेल अ‍ॅम्प, किंवा डाव्या-उजव्यासाठी दोन-चॅनेल. जड काम बाहेर गेलं की रिसीव्हरचा सगळा वीजपुरवठा उरलेल्या चॅनेलना मोकळा होतो आणि पेटीही थंड राहते. काही रिसीव्हर अकरा चॅनेलचं प्रोसेसिंग करतात पण त्यांच्यात अ‍ॅम्प नऊच असतात. अशांच्या बाबतीत ७.१.४ (सात स्पीकर, एक सबवूफर, छतात चार) हवं असेल तर ही वाट घ्यावीच लागते. तेव्हा नवा अ‍ॅम्प पुढच्या डाव्या-उजव्याला द्या आणि मोकळे झालेले आतले अ‍ॅम्प छतातल्या स्पीकरना. माझ्याकडे तेव्हापासून तीन रिसीव्हर येऊन गेले. अ‍ॅम्प मात्र तोच आहे, ज्याने संवाद सुधारले नव्हते तोच. पुढे खोली आणि स्पीकर दोन्ही मोठे झाल्यावर त्याने आपली जागा कमावली.

तिसरी वाट पूर्ण वेगळ्या डब्यांची: प्रोसेसर आणि सगळ्या चॅनेलना बाहेरचे अ‍ॅम्प. इथे एक गोष्ट नवख्यांना चकवते. प्रोसेसरमध्ये अ‍ॅम्प नसूनही तो बहुतेक वेळा तेवढ्याच सोयींच्या रिसीव्हरपेक्षा महाग असतो, कारण तो फार कमी संख्येने बनतो. आणि जुना होतो तोही रिसीव्हरच्याच वेगाने. एक्सएलआर (तीन पिनांची जोडणी) आउटपुट, जास्त चॅनेल, अनेक सबवूफर स्वतंत्रपणे जुळवण्याची सोय, कमी सेन्सिटिव्हिटीचे स्पीकर आणि खरोखर मोठी खोली, यातलं निदान दोन-तीन लागू होत असेल तरच या वाटेला जा.

चौथ्या वाटेकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही, आणि संगीत मनापासून ऐकणाऱ्यांसाठी ती फार छान आहे. "होम थिएटर बायपास" असलेला एक स्टीरिओ इंटिग्रेटेड अ‍ॅम्प (स्वतःचे इनपुट आणि व्हॉल्यूम असलेला) घ्यायचा आणि रिसीव्हरचे पुढचे डावे-उजवे प्रीआउट त्याच्या बायपास इनपुटला द्यायचे. सिनेमा लावला की तो निव्वळ पॉवर अ‍ॅम्प होतो. गाणी ऐकायची असली की रिसीव्हर बंद, फक्त स्टीरिओ चालू. बायपास म्हणजे ठरलेलं गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते), तिथे व्हॉल्यूमचा खटका काम करत नाही. बायपास नसलेल्या अ‍ॅम्पच्या साध्या इनपुटला प्रीआउट जोडलेत तर दरवेळी खटका त्याच खुणेवर आणावा लागतो, आणि एक दिवस कुणीतरी तो फिरवतंच.

रिसीव्हरमधल्या शिल्लक चॅनेलनी एकाच स्पीकरला बाय-अ‍ॅम्प करण्याची (त्याच्या वरच्या आणि खालच्या भागाला वेगवेगळा अ‍ॅम्प देण्याची) सोयही जाहिरातीत दिसते. दोन्ही चॅनेलना वीजपुरवठा तोच, त्यामुळे हाती फारसं लागत नाही.

पायरी ५: अ‍ॅम्प निवडताना गेन बघा

वॅट सगळे बघतात, गेन जवळजवळ कुणी बघत नाही, आणि जोडणी बिघडते ती तिथे. ८ ओहमवर २०० वॅट म्हणजे ४० व्होल्ट. अ‍ॅम्पचं गेन २९ डेसिबल असेल तर तो सिग्नल २८ पट वाढवतो, म्हणजे पूर्ण ताकदीसाठी त्याला सुमारे १.४ व्होल्ट लागतात. २६ डेसिबलला २ व्होल्ट. २३ डेसिबलला २.८.

आता रिसीव्हरचा प्रीआउट स्वच्छपणे किती देतो? मॉडेलनुसार यात बराच फरक असतो. काहींचा एक-सव्वा व्होल्टनंतरच विकृत व्हायला लागतो, काही दोनच्या पुढे जातात. स्वतंत्र मोजणी करणाऱ्यांचे आलेख पाहा, कारण माहितीपत्रकात हा आकडा क्वचितच धड दिलेला असतो. प्रीआउट १.४ व्होल्टला थकणारा आणि अ‍ॅम्प २.८ मागणारा, अशी जोडी जमवलीत तर २०० वॅटच्या अ‍ॅम्पकडून ५० वॅटच मिळतील. व्होल्ट अर्धे, ताकद पाव. मग माणूस म्हणतो, इतका मोठा अ‍ॅम्प आणूनही फरक नाही. रिसीव्हरसोबत वापरायचा असेल तर २८-२९ डेसिबल गेनचा अ‍ॅम्प सुरक्षित. काही अ‍ॅम्पना गेनचा स्विच असतो, तो असला तर उत्तमच. गेन फार जास्त आणि स्पीकर फार सेन्सिटिव्ह असतील तर मात्र शांत प्रसंगात सूं असा बारीक आवाज येत राहतो, म्हणून वरची हद्दही सांभाळा.

काही नव्या रिसीव्हरमध्ये प्रीअ‍ॅम्प मोड असतो. तो लावला की बाहेरच्या अ‍ॅम्पवर गेलेल्या चॅनेलचा आतला अ‍ॅम्प सुटतो. आतला अ‍ॅम्प क्लिप व्हायला लागला की प्रीआउटमध्येही विकृती मिसळणारी मॉडेल असतात, त्यांच्यात या मोडने स्वच्छ व्होल्ट वाढतात. असेल तर जरूर वापरा.

अ‍ॅम्पच्या रचनेचे दोन मुख्य प्रकार: क्लास एबी की क्लास डी? आजचे चांगले क्लास डी अ‍ॅम्प पूर्ण भाराजवळ ९० टक्क्यांच्या आसपास कार्यक्षम असतात, हलके असतात आणि बंद कपाटात कमी तापतात. क्लास एबीला जागा आणि हवा जास्त लागते. दोन्हींत उत्तम नमुने आहेत. कपाट कोंदट असेल तर डी घ्या, एवढाच माझा निकष. वापरलेला क्लास एबी अ‍ॅम्प हाही चांगला सौदा ठरू शकतो. तपासताना तो तासभर वाजवा. दोन्ही चॅनेल सारखे तापतात का, चालू-बंद करताना मोठा ठोका पडतो का, बारीक आवाजात एखादा चॅनेल मधेच गायब होतो का (रिलेचे संपर्क काळवंडल्याची खूण) हे पाहा. पंचवीस-तीस वर्षं जुन्या अ‍ॅम्पचे कपॅसिटर बदलावे लागतील असं गृहीत धरूनच किंमत ठरवा.

पायरी ६: जोडणी आणि घूं घूं

सगळं बंद करून, प्लग काढून जोडणी करा. प्रीआउटपासून अ‍ॅम्पपर्यंतची केबल लांब जाणार असेल आणि दोन्हीकडे एक्सएलआर असेल तर तीच वापरा. एक-दोन मीटरला साधी आरसीए पुरते. स्पीकरच्या वायरवर जास्त खर्च नको: २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर दहा मीटर नेली तर जाऊन-येऊन रोध साधारण ०.१४ ओहम होतो, ४ ओहमच्या स्पीकरलाही चालेल इतका.

वेगळा अ‍ॅम्प जोडल्यावर पहिल्या दिवशी बहुधा भेटणारी तक्रार म्हणजे सतत येणारी घूं घूं, ५० किंवा ६० हर्ट्झची, जिथे जी वीज असेल त्याप्रमाणे. हा ग्राउंड लूप, म्हणजे यंत्रांच्या अर्थिंगमधून फिरणारा नकोसा प्रवाह. आधी रिसीव्हर, अ‍ॅम्प, टीव्ही आणि सबवूफर एकाच सॉकेटवरच्या बोर्डात लावा. तरी येत असेल तर केबल टीव्हीची किंवा अँटेनाची वायर काढून बघा. घूं थांबली तर त्या वायरवर आयसोलेटर (सिग्नल पुढे नेऊन अर्थिंगची जोडणी तोडणारा छोटा भाग) लावायचा. सबवूफर काढून बघा. एकेक करत गेलं की गुन्हेगार सापडतोच. अर्थिंगची पिन काढून टाकणं हा उपाय काही जण सुचवतात. तो कधीही करू नका. अ‍ॅम्पच्या आत वायर सुटली तर अख्खी पेटी जिवंत होते आणि हात लावणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतं.

१२ व्होल्ट ट्रिगरची बारीक वायर जोडली की रिसीव्हर चालू झाल्यावर अ‍ॅम्प आपोआप चालू होतो. ती नसेल तर चालू करताना रिसीव्हर आधी आणि अ‍ॅम्प नंतर, बंद करताना उलट, म्हणजे ठोका स्पीकरपर्यंत जात नाही. आणि अ‍ॅम्पच्या डोक्यावर रिसीव्हर ठेवू नका. दोघांच्याही वर निदान वीतभर मोकळी जागा सोडा.

आता सर्वांत जास्त विसरलं जाणारं काम: मायक्रोफोनची जुळवणी पुन्हा सुरुवातीपासून करा. बाहेरच्या अ‍ॅम्पचं गेन आतल्यापेक्षा वेगळं असतं, त्यामुळे जुन्या जुळवणीत पुढचे स्पीकर बाकीच्यांपेक्षा मोठे किंवा लहान वाजत असतात. मायक्रोफोन कानांच्या उंचीवर, ट्रायपॉडवर, खोलीत शांतता. झाल्यावर चॅनेलच्या पातळ्या उघडून बघा. एखादा चॅनेल टोकाच्या आकड्यावर, बहुतेक रिसीव्हरमध्ये उणे १२ वर, अडकला असेल तर त्याला आणखी खाली जायचं होतं पण जागा संपली. अशा वेळी अ‍ॅम्पचं गेन कमी करून पुन्हा मोजा.

शेवटी तुलना करायची असेल तर न्यायाने करा. जास्त मोठा आवाज कानाला नेहमीच जास्त चांगला वाटतो, अगदी अर्ध्या डेसिबलनेही फसायला होतं. आधी आतल्या अ‍ॅम्पवर २५० हर्ट्झचा टोन वाजवून स्पीकरवर किती व्होल्ट येतात ते लिहून ठेवा. मग बाहेरचा अ‍ॅम्प लावून पातळी शक्य तितकी त्याच आकड्याच्या जवळ आणा. एक टक्क्याचा फरक म्हणजे साधारण ०.१ डेसिबल, तेवढा चालेल. वायरी घरातल्या दुसऱ्या कुणाला बदलायला सांगा, आणि आत्ता कुठला अ‍ॅम्प चालू आहे ते त्यांनी सांगू नये. तुमच्या नेहमीच्या सर्वांत मोठ्या पातळीवर, अंगात मुरलेला एखादा प्रसंग दहा वेळा ऐका आणि दरवेळी उत्तर कागदावर लिहा. आठ-नऊ वेळा बरोबर आलं तर अ‍ॅम्प ठेवा. पाच-सहा वेळा आलं तर परत करण्याची मुदत संपायच्या आत तो खोक्यात भरा आणि ते पैसे दुसऱ्या सबवूफरसाठी बाजूला काढा.